होमवर्कचा प्रश्न नेमका कुठे विचारावा: प्रश्नोत्तरांच्या साइट्सचा सविस्तर रिव्ह्यू

होमवर्कचे प्रश्न घेणाऱ्या साइट्सबद्दल लोक दोनच प्रकारे बोलतात, एक तर "लगेच उत्तर मिळतं, भारी आहे" नाहीतर "तिथे फार माज करतात, नवीन माणसाला उभं करत नाहीत", आणि या दोन्हीतून ज्याला खरंच काहीतरी अडलंय त्याला काहीच कळत नाही. मी बरीच वर्षं अशा साइट्सवर गणिताची आणि फिजिक्सची उत्तरं लिहिते, अडलं की स्वतः विचारतेही, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. माझी जोखायची पद्धत साधी आहे. विद्यार्थी नेमका जिथे अडलाय ती जागा ही साइट शोधून काढते का, आणि तेवढीच मोकळी करून देते का. उत्तर किती मिनिटांत आलं, ॲप किती छान दिसतं याला माझ्या लेखी फारसे मार्क नाहीत.

एक उदाहरण घेऊन बोलू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. 5 किलोचा ठोकळा 30 अंशाच्या उतारावरून घसरतोय, घर्षणांक 0.2, त्वरण काढा. अगदी नेहमीचं गणित. आता हे तीन प्रकारे विचारलेलं मी बघितलंय. पहिला प्रकार म्हणजे पुस्तकाच्या पानाचा तिरका फोटो आणि खाली "प्लीज अर्जंट, उद्या सबमिट करायचंय". दुसरा, प्रश्न टाइप केलेला असतो पण पुढे फक्त "कसं करायचं कळत नाहीये". आणि तिसरा असा: "उताराच्या दिशेने वजनाचा भाग 24.5 न्यूटन आला, घर्षण 0.2 गुणिले 49 म्हणजे 9.8 न्यूटन, वजा करून 14.7, भागिले 5, माझं उत्तर 2.94 येतंय आणि पुस्तकात 3.2 आहे, कुठे चुकतंय?"

या तिसऱ्या प्रश्नात सगळं समोर आहे. पोराला घटक पाडता येतात, न्यूटनचा नियम येतो, फक्त एक आकडा चुकलाय, तो 49. त्याने ठोकळ्याचं पूर्ण वजन नॉर्मल फोर्स (पृष्ठभाग ठोकळ्याला काटकोनात ढकलतो ते बल) म्हणून घेतलंय, सपाट टेबलावर घेतात तसं. उतारावर पृष्ठभागाला काटकोनात वजनाचा फक्त एक भाग दाबत असतो, 49 गुणिले कोसाइन 30 म्हणजे साधारण 42.4, त्यावरून घर्षण साधारण 8.5, मग 24.5 मधून ते वजा केलं की 16 आणि भागिले 5 केलं की 3.2. पण हे सगळं त्याला लिहून द्यायची गरजच नाही, "तो 49 कुठून आला? उताराला काटकोनात कुठली कुठली बलं आहेत ती आकृतीत काढून बघ" एवढं एक वाक्य पुरतं, आणि पुढचं तो स्वतः करतो आणि ते त्याच्या डोक्यात राहतं. पहिल्या प्रकाराला असं वाक्य लिहिताच येत नाही कारण पोरगं कुठे उभं आहे तेच माहीत नाही. म्हणून "काय प्रयत्न केलास ते दाखव" ही अट मला कधीच जाचक वाटत नाही, ती उत्तर देणाऱ्याची गरज आहे.

आता एकेक साइट.

सगळ्यात आधी फिजिक्स फोरम्स, कारण होमवर्क या एका गोष्टीसाठी माझा पहिला नंबर यांचा. 2001 पासून आहे, म्हणजे या क्षेत्रात म्हातारंच म्हणायचं, पण होमवर्कसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे आणि तिथे प्रश्न टाकायला ठरलेला साचा आहे: प्रश्न काय आहे, कुठली सूत्रं लागतील असं तुला वाटतं, आणि तू आत्तापर्यंत काय केलंस. बस, एवढंच. पण या साच्याने निम्मं काम होतं, कारण "लागणारी सूत्रं" लिहिताना बऱ्याच जणांना स्वतःलाच कळतं की अरे आपण चुकीचं सूत्र धरून बसलो होतो. मदत करणाऱ्यांनी पूर्ण सोडवलेलं उत्तर द्यायचं नाही हा नियम तिथे लेखी आहे आणि मॉडरेटर तो पाळायला लावतात, कोणी उत्साहात सगळं सोडवून टाकलं तर ती पोस्ट काढतात. नवीन मदतनीसाला हे खटकतं, आपण एवढं लिहिलं आणि उडवलं म्हणून, पण विद्यार्थ्याच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे.

तिथली खरी मजा संभाषणात आहे. विद्यार्थी एक स्टेप टाकतो, कोणीतरी विचारतं "हे चिन्ह उणे का घेतलंस", तो उत्तर देतो, त्यातून दुसरीच गडबड बाहेर येते. चांगला शिक्षक बाकाशेजारी उभा राहून वहीत डोकावतो ना, तसंच. बहुतेक प्रश्नोत्तरांच्या साइट्सना हे जमत नाही कारण त्यांची रचनाच एक प्रश्न, एक उत्तर, विषय संपला अशी असते.

त्रुटीही सांगते. एकाच धाग्यात, म्हणजे एका प्रश्नाखालच्या चर्चेत, तीन मदतनीस तीन वाटांनी ओढायला लागले की विद्यार्थी पार गोंधळतो, एक म्हणतो ऊर्जेने कर, दुसरा म्हणतो बलाने कर, तिसरा आधी अक्ष बदलायला सांगतो. आणि नंतर कोणी सर्च करून तिथे पोचलं तर त्याला अख्खा धागा वाचावा लागतो, शेवटी नीट उत्तर असेलच असंही नाही, कारण पोराला कळलं की पोरगं पसार. म्हणजे आत्ता, या क्षणी, माझ्या अडचणीसाठी उत्तम, पण संदर्भ म्हणून वाचायला तितकं सोयीचं नाही.

याच्या बरोबर उलट स्टॅक एक्स्चेंजवाल्या साइट्स, आणि यांच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण यांच्यावरच लोकांचा सगळ्यात जास्त राग असतो आणि तो बऱ्याच अंशी गैरसमजातून येतो. 2008 साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी प्रोग्रामरांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो काढलं, मग त्याच साच्यावर गणित, फिजिक्स, केमिस्ट्री अशा बाकीच्या साइट्स आल्या. यांचा मूळ हेतू शिकवणी नाहीच आहे, पुढे सर्च करून येणाऱ्या हजारो लोकांसाठी साठा करून ठेवणं हा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की त्यांचं सगळं वागणं समजतं, की तुमचा प्रश्न उद्या दुसऱ्या कोणाच्या कामाचा आहे का हे ते बघतात, तुमची उद्याची डेडलाइन त्यांच्या खिजगणतीत नसते. त्यामुळे तिथे "अर्जंट" लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

गणिताची साइट, मॅथ स्टॅक एक्स्चेंज, 2010 पासूनची. शाळेच्या बीजगणितापासून एमएस्सीच्या विषयांपर्यंत सगळं चालतं, म्हणजे होमवर्कला बंदी बिलकुल नाही, पण नुसतं गणित उतरवून टाकलं तर त्याला तिथली मंडळी पीएसक्यू (प्रॉब्लेम स्टेटमेंट क्वेश्चन) म्हणतात आणि असा प्रश्न बंद होतो. बंद करताना जो मजकूर येतो तो लोक रागाच्या भरात वाचतच नाहीत हो! त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की संदर्भ द्या, म्हणजे गणित कुठून आलं, कुठल्या व्याख्या धरल्यात, काय करून बघितलं, का पडलाय हा प्रश्न. आणि बंद म्हणजे कायमचं बंद असंही नसतं, प्रश्न दुरुस्त केला की तो पुन्हा उघडायचा का हे ठरवायला रांगेत जातो. मात्र ही दुरुस्ती लवकर करायची, कारण बंद पडलेला, मतं शून्य किंवा कमी असलेला आणि अपव्होट (पसंतीचं मत) मिळालेलं एकही उत्तर नसलेला प्रश्न साधारण 9 दिवसांनी आपोआप डिलीट होतो. आणि दुरुस्ती म्हणजे शेवटी "मी खूप प्रयत्न केला पण जमलं नाही" हे वाक्य चिकटवणं नव्हे, ते सगळेच चिकटवतात आणि त्यातून काहीच कळत नाही. वर तिसऱ्या प्रकारात होतं तसं आकड्यांनिशी, स्टेपनिशी लिहायचं.

तिथली मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे हिंट देणारी उत्तरं. समजा कोणी विचारलं की कुठलीही पूर्ण संख्या घ्या, तिच्या घनातून तीच संख्या वजा करा, उत्तराला 6 ने नेहमी भाग जातो हे सिद्ध करा. पोराने इंडक्शन (एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात सिद्ध करायची रीत) लावून बघितलंय आणि मधेच अडकलंय. चांगलं उत्तर असं येतं: "आधी अवयव पाडून बघ, तीन गुणक मिळतील, ते एकमेकांशी कसे लागून आहेत बघ." आणि मग त्याखाली झाकलेला मजकूर, क्लिक केलं की दिसणारा, त्यात पुढचं असतं की हे तीन लागोपाठचे आकडे आहेत, त्यातला किमान एक सम असतोच आणि एक 3 च्या पाढ्यातला असतोच. ज्याला स्वतः करायचंय तो झाकलेलं बघत नाही, ज्याला तरीही जमत नाही तो उघडतो, आणि पुढे सर्च करून आलेल्यालाही अर्धवट उत्तर मिळत नाही. ही सोय प्रत्येक होमवर्क साइटवर असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक म्हणजे तिथला सोल्यूशन व्हेरिफिकेशन नावाचा टॅग. तुम्ही गणित सोडवलंय, सिद्धता लिहिलीय, ती बरोबर आहे का एवढंच विचारायचंय, तर त्यासाठी हा टॅग आहे. स्वतःच्या स्वतः शिकणाऱ्या माणसाला याचं मोल किती आहे हे मी सांगायला नको, कारण त्याची वही तपासणारं दुसरं कोणीच नसतं. फक्त "बरोबर आहे का" एवढंच न विचारता कुठल्या ओळीबद्दल शंका आहे ते सांगितलं की उत्तरं फार चांगली येतात.

आता तिथली मोठी भगदाडं. उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अपव्होटचे 10 पॉइंट, आणि सोपं गणित असलं की ते सगळ्यांना कळतं म्हणून अपव्होटही जास्त. मग काय होतं, फोटोछाप प्रश्न आला की इकडे पाच जण तो बंद करायला मतं देत असतात आणि तिकडे कोणीतरी दोन मिनिटांत पूर्ण सोडवून मोकळा. प्रश्न बंद होतो पण विचारणाऱ्याला हवं ते मिळालेलं असतं, पुढच्या वेळी तो तसंच विचारतो, आणि जो प्रामाणिकपणे दोन पानं लिहून विचारतो त्याचा प्रश्न लांब आहे म्हणून कोणी वाचत नाही. यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, नियम कडक करून झाले, पण जोवर पॉइंट तसेच मिळतात तोवर हे थांबेल असं मला वाटत नाही. नवीन विद्यार्थ्याला तर हे फारच अन्यायाचं दिसतं, की शेजारच्याचा सेम प्रश्न चालला आणि माझा बंद केला. त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

फिजिक्सची बहीण-साइट त्याहून कडक, आणि इथे बहुतेक जण फसतात. तिथे होमवर्कसारखे प्रश्न आणि "माझं गणित तपासून द्या" छाप प्रश्न दोन्ही चालत नाहीत. म्हणजे वरचा आपला तिसरा प्रकार, ज्याचं मी एवढं कौतुक केलं, तो तिथे बंद होऊ शकतो! गणिताच्या साइटवर तपासणीला खास टॅग आहे आणि फिजिक्सच्या साइटवर तीच गोष्ट नियमाबाहेर, एकाच कुटुंबातल्या दोन साइट्स असून. आणि "होमवर्कसारखा" म्हणजे खरोखर शाळेने दिलेला असायला हवा असंही नाही, चाळीस वर्षांच्या माणसाने हौसेने सोडवायला घेतलेलं गणितही त्याच खात्यात जातं. त्यांना हवा असतो संकल्पनेचा प्रश्न. तोच ठोकळा घेऊन "उतारावर नॉर्मल फोर्स वजनाइतका का नसतो, उरलेलं वजन कोण पेलतं" असं विचारलं की तो चालण्यासारखा होतो, आणि खरं सांगायचं तर असं विचारता येण्यासाठी आपली शंका आधी आपल्यालाच ओळखावी लागते, तिथेच अर्धं शिकून होतं. पण नववी-दहावीतल्या पोराकडून ही अपेक्षा जास्त आहे. त्या वयाच्या मुलांना मी तिथे पाठवत नाही, फिजिक्स फोरम्सवर पाठवते. कोणी घाईघाईत संपूर्ण सोडवलेलं उत्तर दिलं तर स्टॅक एक्स्चेंजच्या या फिजिक्स साइटचे मॉडरेटर ते तात्पुरतं डिलीट करतात, हे मात्र मला पटतं.

स्टॅक ओव्हरफ्लोबद्दल थोडक्यात. पूर्वी तिथे होमवर्क असा टॅग होता, 2012 साली त्यांनी तो काढून टाकला, कारण प्रश्न होमवर्कचा असला काय नि नोकरीतला असला काय, प्रश्न म्हणून तो स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. टॅग असताना काही जण टॅग बघूनच नाकं मुरडायचे, आणि विद्यार्थी तो टॅग लपवायचे, दोन्ही वाईट. तिथे होमवर्कबद्दल जो सल्ला लिहून ठेवलाय तो कुठल्याही साइटला लागू पडेल असा आहे: आधी मनापासून प्रयत्न करा, नेमकी अडचण विचारा, होमवर्क असेल तर तसं सांगा, तुमच्या शाळा-कॉलेजचा नियम काय आहे ते बघा, आणि न समजलेला कोड स्वतःच्या कामात चिकटवू नका. उत्तर देणाऱ्यांसाठीही लिहिलंय की कोणी चांगल्या मनाने होमवर्कला मदत केली तर त्याला त्याबद्दल डाउनव्होट देऊ नका.

तिथे नवशिक्याने कसं विचारावं? समजा 1 ते 10 ची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिलाय, 55 यायला हवं आणि 45 येतंय. अख्खी दोनशे ओळींची असाइनमेंट टाकायची नाही, फक्त ते चार ओळींचं लूप, अपेक्षित 55, मिळालेलं 45, एवढंच टाकायचं. गंमत म्हणजे इतकं छाटून झाल्यावर बऱ्याचदा दिसतंच की फरक बरोबर 10 चा आहे, म्हणजे शेवटचा आकडा लूपमध्ये येतच नाहीये. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे हमखास होतं. आणि हो, असे प्राथमिक प्रश्न तिथे आधी विचारून झालेले असतात, डुप्लिकेट म्हणून बंद केलं तर तो अपमान समजू नका, ज्या जुन्या प्रश्नाची लिंक दिलीय तिथे तुमचं उत्तर असतं.

नवीन सभासदाला 50 पॉइंट होईपर्यंत दुसऱ्यांच्या प्रश्नांवर कमेंट करता येत नाही, पण स्वतःच्या प्रश्नाखाली आणि त्यावरच्या उत्तरांखाली करता येते. हे मुद्दाम सांगतेय कारण कित्येक मुलं आपण उत्तर देऊ शकत नाही असं समजून गप्प बसतात आणि "स्टेप दाखव" म्हणणारा बिचारा वाट बघत राहतो.

ब्रेनली. हे 2009 साली पोलंडमध्ये सुरू झालं, आणि शाळेच्या मुलांसाठीच आहे, त्यामुळे लहान मुलांना तिथे भीती वाटत नाही, कोणी हिडीसफिडीस करत नाही, हे मी मान्य करते, आणि लहान वयात ते महत्त्वाचं असतं. पण विचारायला पॉइंट लागतात, आणि पॉइंट उत्तरं देऊन मिळतात. म्हणजे ज्याला येत नाही त्यालाच उत्तरं द्यायला बसवल्यासारखं होतं, मग पॉइंट कमवायला एका ओळीची, न समजता लिहिलेली उत्तरं पडतात. मॉडरेटर आहेत, तपासलेल्या उत्तरांवर तशी खूण असते, तेवढीच वाचावीत असं मी पालकांना सांगते. आपल्या ठोकळ्याचं उत्तर "3.2" असं तिथे मिळेलही, पण 49 कुठे चुकला हे सांगणारा भेटेल याची खात्री देता येत नाही.

चेगसारख्या पैसे भरून घ्यायच्या सेवा मी होमवर्कसाठी सुचवत नाही. स्टेप्स व्यवस्थित असतात, तज्ज्ञ लिहितात, ते सगळं ठीक, पण तिथे तुम्ही ग्राहक असता, आणि ग्राहकाला कोणी "आधी तू काय केलंस ते दाखव" असं म्हणत नाही. तोच एक प्रश्न तर शिकवणारा असतो. परीक्षा चालू असताना तिथे प्रश्न टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कॉलेजने रीतसर चौकशी केली तर त्यांच्या ऑनर कोडप्रमाणे (प्रामाणिकपणाच्या नियमांप्रमाणे) ते माहिती देतात, त्यामुळे आपण निनावी आहोत या भ्रमात राहू नका.

रेडिटवर होमवर्क हेल्प नावाचा गट आहे, शीर्षकात इयत्ता आणि विषय लिहायचा असतो, आणि ही छोटीशी सोय फार उपयोगी आहे, कारण अकरावीच्या मुलाला कॅल्क्युलसने उत्तर द्यायचं की साध्या बीजगणिताने हे उत्तर देणाऱ्याला आधीच कळतं. बाकी उत्तरांचा दर्जा त्या दिवशी कोण भेटतं यावर. विकिपीडियाचा रेफरन्स डेस्क फार कमी लोकांना माहीत असतो, तिथे सरळ लिहिलंय की तुमचा होमवर्क आम्ही करून देणार नाही पण अडलेल्या ठिकाणाहून पुढे जायला मदत करू. इतिहास, भाषा, सामान्य विज्ञान अशा विषयांना, जिथे वाचायचं काय हेच कळत नसतं, तिथे जरूर जा. याहू आन्सर्स 2021 च्या मे महिन्यात बंद झालं, त्याबद्दल मला फारशी हळहळ नाही, होमवर्कच्या बाबतीत तिथे चूक आणि बरोबर यात फरक करायची काही सोयच उरली नव्हती.

एका साइटचं नाव मी घेत नाही, पण तिथलं बघितलेलं एक उत्तर सांगते. संभाव्यतेचं गणित होतं, दोन फासे टाकले तर बेरीज 7 यायची शक्यता किती. उत्तर दिलं होतं 11 पैकी 1, कारण काय तर बेरजा 2 पासून 12 पर्यंत म्हणजे 11 प्रकारच्या येतात. भरपूर लाइक, खाली धन्यवादांची रांग. बरोबर उत्तर 36 पैकी 6, म्हणजे 6 पैकी 1. मी खाली लिहिलं की 1 आणि 6, 2 आणि 5 अशा जोड्या मोजून बघा, 7 ही बेरीज सहा तऱ्हांनी येते आणि 2 फक्त एकाच तऱ्हेने, म्हणजे सगळ्या बेरजा सारख्याच शक्यतेच्या कशा असतील? ते वरचं उत्तर तसंच वर राहिलं, कारण तिथे विचारणाऱ्याने एकदा टिकमार्क केला की विषय संपला. ज्याला उत्तर माहीत नाही त्यालाच "हे बरोबर" म्हणायचा एकमेव अधिकार दिलेली साइट होमवर्कसाठी वापरू नये, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन. तज्ज्ञांना डाउनव्होट देता येतो का, चुकीचं उत्तर खाली जातं का, हे साइट निवडताना पहिल्यांदा बघा.

आता एआयचा विषय टाळून चालणार नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, स्टॅक ओव्हरफ्लोने त्यातून काढलेली उत्तरं टाकायला बंदी केली, कारण दिसायला झकास आणि आतून चुकीची उत्तरं इतकी यायला लागली की तपासणाऱ्यांचे हात पुरेनात. आणि 2023 च्या मे महिन्यात चेगने एआयमुळे नवीन ग्राहक कमी होतायत असं सांगितल्यावर त्यांचा शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे तयार उत्तर हवं असणारी मंडळी तिकडे गेली, आणि माझ्या मते जाऊ द्यावीत. माणसांच्या साइट्सवर आता जे विद्यार्थी येतात त्यात खरोखर समजून घ्यायचंय अशांचं प्रमाण मला तरी जास्त दिसतं. एक नवीन प्रकार मात्र सुरू झालाय, एआयने दिलेलं उत्तर आणून "हे बरोबर आहे का" विचारायचं. कृपा करून हे करू नका. तुमची चूक समजून घ्यायला मी आनंदाने अर्धा तास देईन, कारण तुमच्या चुकीमागे तुमचा विचार असतो आणि तो दुरुस्त झाला की कायमचा होतो, यंत्राची चूक दुरुस्त करून तुमच्या हाताला काय लागणार?

चालू स्पर्धेचे आणि चालू परीक्षेचे प्रश्न हा वेगळाच विषय आहे, त्यात माझी भूमिका शून्य सहनशीलतेची. मॅथ स्टॅक एक्स्चेंजवर आणि आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या फोरमवर, जिथे ऑलिम्पियाडची मुलं असतात, चालू स्पर्धेतलं गणित टाकायला स्पष्ट मनाई आहे, मुदत संपेपर्यंत असा प्रश्न कुलूपबंद करतात किंवा काढतात. उत्तर देणाऱ्यांना विनंती, एखादा प्रश्न विचित्र नेमका वाटला, विचारणारा "पटकन" म्हणत असेल, कुठून आला ते सांगत नसेल, तर आधी विचारा.

आणि उत्तर देणाऱ्यांना आणखी एक, सूर सांभाळा. "हे गुगल केलं असतं तर" किंवा "वर्गात लक्ष कुठे होतं" ही वाक्यं लिहून कोणाचं भलं झाल्याचं मी बघितलं नाही. बंद करायचं तर करा, पण खाली एक कमेंट टाका की "कुठली पायरी अडली ते लिही, मी बघते". बऱ्याचदा पोरगं परत येतं आणि अगदी नीट लिहितं. नाही आलं तर तुमची एक ओळ गेली.

विद्यार्थ्यांसाठी: फोटो टाकू नका, टाइप करा, फोटोतला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही आणि ज्यांना दिसत नाही अशा वाचकांचा स्क्रीन रीडरही तो वाचू शकत नाही. गणिताची चिन्हं टाइप करायची पद्धत थोडी किचकट आहे पण एका संध्याकाळी जमते आणि पुढे कॉलेजात कामाला येते. स्टॅक एक्स्चेंजवर स्वतःच्या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यायची अधिकृत सोय आहे, फार थोडे जण वापरतात. कोणाच्या हिंटवरून गणित सुटलं की परत जा, पूर्ण सोडवलेलं उत्तर तुमच्या शब्दांत तिथे टाका, 49 ऐवजी 42.4 का घ्यायचं ते सांगा, हिंट देणाऱ्याचा उल्लेख करा. त्यात काही चुकलं असेल तर लोक सांगतातच, आणि तो प्रश्न मग मी पुढच्या मुलाला लिंक म्हणून देऊ शकते.